नाव पेनानं, जागा पेन्सिलीनं

ट्रस्टच्या सचिवांनी आणि पुण्याच्या एका कंपनीनं मिळून महादेवी बिराजदार यांना फसवलं. वही बाईंची होती. तिच्यावरून झालेल्या कामाला नाव कंपनीचं लागलं, आणि काम बिघडलं तेव्हा कागदावर पुन्हा नाव बाईंचं आलं. ती वही बाईंच्या हातून घेऊन कंपनीच्या हातात मी दिली. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला ते ऐकवायला नको.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझा धंदा लोखंडाचा, म्हणजे सर्व्हरचा. कॉम्प्युटरची ती मोठी, चपटी, कपाटात एकावर एक बसवतात ती यंत्रं मी पुरवतो आणि दुरुस्त करतो. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत वाढलो, बॅटऱ्या दुरुस्त करत करत इथवर आलो. घासाघीस केल्याशिवाय मी मेथीची जुडीही घेत नाही, आणि आवाज चढवल्याशिवाय मला बोलता येत नाही असं घरचे म्हणतात. अशा माणसाला महादेवी अक्कांनी पहिल्याच भेटीत गप्प बसवलं होतं.

मी दोन नवे सर्व्हर विकायला गेलो होतो. सचिव साहेब जवळजवळ तयार झाले होते. ‘जुने सगळे भरले आहेत, आता जागा नाही’ हे मी त्यांना पटवलं होतं. ते म्हणाले, “ठीक आहे, फक्त बिराजदार मॅडमना एकदा विचारून घ्या.” मला वाटलं, ही सहीपुरती गोष्ट. पहिल्या मजल्यावर पूर्वी एक्स-रे धुवायची अंधारी खोली होती, तिथं आता सर्व्हर रूम होती. आत थंडी. टेबलापाशी पन्नाशीच्या बाई बसलेल्या. कपाळावर विभूतीची पुसट बोटं, अंगावर इरकल, आणि इरकलीवर पुरुषी, तपकिरी स्वेटर. समोर लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. पुठ्ठ्याला भोक पाडून दोऱ्यानं एक खोडरबर बांधलेला.

“कोनता भरला म्हणतोस?” त्यांनी विचारलं.

“सगळेच, मॅडम.”

“सगळे म्हंजे कोनते? नंबर सांग की.”

मला नंबर सांगता येईना. त्यांनी वही उघडली, माझ्याकडे फिरवली.

“ही सहा नावं बग. ह्यांचा डॉक्टर कोन? कुनीच न्हाय. तीन म्हैने झाले, मी एकेका डिपार्टमेंटला जाऊन इचारायले, तुमचा हाय का वो? सगळे म्हनायलेत, आमचा न्हाय. डिस्चार्ज झालेला पेशंट कॉट अडवून बसलाय. आदी त्याला घालवते. मग बगू नवी कॉट लागतीय का.”

मी सव्वा तास भांडलो. दोन नको तर एक तरी घ्या म्हणालो. पुढच्या वर्षीचं सांगितलं, वाढत्या रुग्णांचं सांगितलं, आवाज चढवला. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “झालं? आता चहा घे.”

चहा घेऊन रिकाम्या हातानं परत आलो. दोन वर्षांनी त्यांचाच फोन आला. “नागनाथ, आन आता. आता खरंच जागा न्हाय.” दुसऱ्या कुणालाही त्यांनी विचारलं नाही. आणि मी एरवी सांगतो तसा चढवून भाव सांगायची माझी हिंमत झाली नाही.

यातलं ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्या खोलीत लोखंडाची यंत्रं सात. पण रुग्णालयात चालतात ती चाळीसएक: एक केसपेपरचं, एक लॅबचं, एक औषधांच्या दुकानाचं, एक पगाराचं, असं. ही यंत्रं दिसत नाहीत, त्यांना हात लावता येत नाही. ती त्या सातांच्या पोटात राहतात, कुणात पाच, कुणात आठ. आणि एकाच जागी बसून राहत नाहीत. चालू असतानाच इकडची उचलून तिकडे ठेवता येतात, समोर काम करणाऱ्या माणसाला पत्ताही लागत नाही. सोय मोठी आहे. पण आज कोणतं न दिसणारं यंत्र कोणत्या खऱ्या यंत्रात आहे, हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. लोखंड बंद पडतं तेव्हा त्याच्याबरोबर काय काय बंद पडलं, ते त्यावरून कळतं. त्या रुग्णालयात अकरा वर्षं हे एका माणसाला नक्की माहीत होतं.

अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी. मराठी बोलताना सगळ्या यंत्रांना ‘तो’ म्हणायच्या, आणि यंत्र काय, त्यांच्या लेखी तो पेशंटच होता; पहिल्या भेटीतले ते ‘डिस्चार्ज झालेले’ सहा म्हणजे कुणीच वापरत नसलेली, न दिसणारी सहा यंत्रं. कॉम्प्युटरवर यायच्या आधी चौदा वर्षं त्या स्त्रियांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात क्लार्क होत्या. रोज सकाळी आठला कोणत्या कॉटवर कोण, हे लिहायचं काम. बाकीचे क्लार्क टेबलावर बसून नर्सला विचारायचे आणि लिहायचे. अक्का प्रत्येक कॉटपाशी जायच्या, लोखंडी दांडीवर हात ठेवायच्या, बाईला नाव विचारायच्या, मग लिहायच्या. “नर्स खोटं सांगत न्हाय रे,” त्या म्हणायच्या, “पन ती कालचं सांगतीय.”

कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या नोंदी भरताना फक्त त्यांच्याच वॉर्डाच्या नोंदी जुळल्या. म्हणून तेव्हाच्या कॉम्प्युटर अधिकाऱ्यांनी त्यांना वर मागून घेतलं. त्या साहेबांचा आणखी एक उद्योग सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ते बार्शीचे होते. न दिसणाऱ्या यंत्रांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी जिल्ह्यातल्या गावांची नावं दिली. सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात सगळ्या रुग्णांची माहिती असते, ते बार्शी. लॅबचं मंगळवेढा. औषधांचं अक्कलकोट. करमाळा, सांगोला, असं. महत्त्वाच्या पाच यंत्रांना एकेक जोडीदार होता. तो मागे राहून सगळं जसंच्या तसं उतरवून घेत राहतो आणि पहिला पडला की उठून उभा राहतो. या जोडीदाराला त्याच तालुक्यातल्या लहान गावाचं नाव. बार्शीचा वैराग, मंगळवेढ्याचा मरवडे, अक्कलकोटचा मैंदर्गी, करमाळ्याचा जेऊर, सांगोल्याचा महूद. सोलापूरच्या माणसाला कागद दाखवायची गरज नव्हती. नाव ऐकलं की जोडी कळायची.

यातून गमतीही व्हायच्या. नवे वैद्यकीय अधीक्षक आले होते. पहिल्याच आठवड्यात जिन्यापाशी त्यांच्या कानावर पडलं. मी वर येत होतो, अक्का खाली. मी विचारलं, “काय वो अक्का, करमाळा गेला म्हनं?”

“गेलता. पहाटंच गेला. आता जेऊर संबाळायलाय.”

अधीक्षक थांबले. चेहरा गंभीर. “कुठल्या वॉर्डात होते?”

“चार नंबरला,” अक्का म्हणाल्या. “आता उठवते त्याला. तुमी काळजी करू नका.”

त्या माणसानं नंतर आठवडाभर अक्कांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

वहीची पद्धत वॉर्डातलीच. एकाखाली एक पेशंटांची, म्हणजे न दिसणाऱ्या यंत्रांची नावं, जोडीदार खालोखाल. प्रत्येक नावासमोर त्याची कॉट, म्हणजे ते ज्या खऱ्या यंत्रात आहे त्याचा नंबर. नाव पेनानं, जागा पेन्सिलीनं. नाव बदलत नाही, जागा बदलते, म्हणून. एखादं यंत्र हलवलं की आधी खोडायचं, मग हलवायचं, मग लिहायचं. मी एकदा म्हणालो, “अक्का, आधी हलवा, मग खोडा, काय फरक पडतोय?” त्या म्हणाल्या, “मधेच कुनी हाक मारली तर? वहीत रिकामं दिसलं तर मी हुडकते. वहीत जुनं दिसलं तर मी इश्वास ठेवते.” 

तिसरी खूण लाल रेघेची. ज्या दोघांना एका खऱ्या यंत्रात कधीच ठेवायचं नाही, त्यांच्या नावांमध्ये लाल पेन्सिलीची रेघ. ही रेघ कुठून आली तेही त्यांनी एकदा सांगितलं. वॉर्डात दोन बायका ऑक्सिजनवर होत्या. कॉट वेगवेगळ्या, पण भिंतीतली जोडणी एकच, तिलाच फाटा काढून दोन नळ्या. जोडणी बिघडली तेव्हा दोघींचाही ऑक्सिजन एकदम गेला. नर्स धावली, सिलिंडर आला, दोघी वाचल्या. “पन त्या दिवशी मला कळलं,” अक्का म्हणाल्या, “कॉट दोन हायत म्हनून भागत न्हाय. नळी कुटनं आलीय ते बगावं लागतंय.” दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाच्या वहीत लाल रेघ आली. सर्व्हरच्या वहीतही ती पहिल्या दिवसापासून होती. आमच्याकडे प्रत्येक यंत्राच्या डिस्क त्याच्याच पोटात आहेत. यंत्र मेलं की आत राहणारे त्यात अडकतात. म्हणून बार्शी जिथे असेल तिथे वैराग नको, हा नियम. अकरा वर्षं एकदाही मोडला नाही.

आणि रोज सकाळी फेरी. सातही यंत्रांपाशी उभं राहायचं, पत्र्यावर तळहात ठेवायचा, मग स्क्रीनवर पाहायचं, मग वही. मी याला हसायचो. एकदा मी साफसफाईसाठी दोन यंत्रं कपाटातून काढली आणि परत बसवली. संध्याकाळी अक्का म्हणाल्या, “चार नि पाच उलटे बसले.”

माझा पारा चढला. वीस वर्षं हे काम करणाऱ्याला कुणी असं म्हणतं का? “चिकटवलेला नंबर बगा की! चार लिवलंय का न्हाय?”

“लिवलंय. स्क्रीनवरनं चारचा दिवा लाव.”

या यंत्रांना एक निळा दिवा असतो. स्क्रीनवरून एखाद्या यंत्राला सांगितलं की त्याचा दिवा लुकलुकतो, म्हणजे सात सारख्या डब्यांमधून ते ओळखता येतं. मी चारला सांगितलं. दिवा लागला पाचवर. नंबराच्या चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या होत्या. तसंच राहिलं असतं तर पुढच्या वेळी चार बंद करायला जाऊन चालता पाच बंद केला असता.

अक्का हसल्या नाहीत. त्या शिकवल्यासारखं म्हणाल्या, “स्क्रीन एक बोलतीय, लोखंड एक बोलतंय. दोगं एक बोलले की मग लिवायचं.” त्यानंतर मीही यंत्र बसवलं की आधी दिवा लावून पाहतो. अजून पाहतो.

दीड वर्षापूर्वी सचिव साहेबांनी पुण्याची कंपनी आणली. आधुनिकीकरण. कंपनीचं सॉफ्टवेअर सगळ्या यंत्रांचा नकाशा स्वतः ठेवणार, कुठे गर्दी झाली तर स्वतःच इकडची यंत्रं तिकडे हलवणार. सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण सुरुवात करायला त्यांना माहिती हवी होती. कोणतं यंत्र कशाचं, कोण कुणाचं, कोणाला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, हे सगळं एका वहीत होतं. अक्का म्हणाल्या, “हितं बसा, माझ्यासमोर उतरवून घ्या. मी सांगते.” कंपनीच्या इंजिनिअरला तेवढा वेळ नव्हता. वही द्यायला बाई तयार नव्हत्या. मग सचिव साहेबांनी मला बोलावलं. “नागनाथराव, तुमचं ऐकतात त्या.” कंपनीचा माणूस म्हणाला की यंत्रांच्या दुरुस्तीचं काम पुढेही तुमच्याकडेच राहील. मला कळत होतं ते काय बोलतायत. मी गेलो.

मी लोकांना वस्तू विकतो, तशी अक्कांना ही गोष्ट विकली. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. काम चांगलंच होईल. तुमच्याच वहीवरून होईल. त्या बराच वेळ खोडरबराच्या दोऱ्याला पीळ देत बसल्या.

“आट दिवस?”

“आट दिवस. मी आनून देतो.”

“लिवून दे.”

मी चिठ्ठीवर लिहून दिलं: वही नेली, आठ दिवसांत परत देणार. खाली सही. त्यांनी चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. वही मी नेली.

वही आजतागायत परत आलेली नाही. आधी स्कॅनिंगला होती, मग पुण्याला होती, मग ‘शोधतो’.

दोन महिन्यांनी सभागृहात कार्यक्रम झाला. पडद्यावर सात चौकोन, प्रत्येकात नावं, रंगीत. इंजिनिअरनं सांगितलं की आमच्या प्रणालीनं हा सगळा नकाशा शोधून काढला. सचिव साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत आपल्याकडे हे काम कुणी केलंच नव्हतं. टाळ्या. पडद्यावर सहा नंबरच्या चौकोनात एक नाव होतं, ‘आजोबा’. ते एक फार जुनं यंत्र. निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांच्या नोंदी त्यात आहेत, कुणी वापरत नाही, पण टाकूनही देता येत नाही. त्याचं खरं नाव काहीतरी आकड्यांचं आहे. ‘आजोबा’ हे फक्त अक्कांच्या वहीत लिहिलेलं होतं. कुठल्याही प्रणालीला ते सापडणं शक्य नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून मोठ्यानं हसलो. लोकांनी वळून पाहिलं. अक्का तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या.

“नकाशा चांगला झालाय, साहेब. लाल रेघा कुटं हायत?”

“कोणत्या रेघा, मॅडम?”

“बार्शी नि वैराग. मंगळवेढा नि मरवडे. त्यांना एकत्र ठेवायचं न्हाय.”

इंजिनिअर चांगला, हसतमुख मुलगा. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी सांगतो, त्यानं मुद्दाम काही केलं नाही. त्याला ती गावं माहीत नव्हती. वहीतली नावं आणि जागा त्यांनी उतरवल्या, पण रेघा म्हणजे कुणीतरी खाली ओढलेल्या खुणा असतील असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, “मॅडम, आता सिस्टिम आपोआप सगळं सांभाळते.” सचिव साहेबांनी चहाची सूचना केली. अक्का खाली बसल्या.

पुढच्या महिन्यात त्यांची बदली चादरी, पडदे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे ठेवतात त्या खोलीत झाली. त्यांनी तिथंही कपाटांना नंबर टाकले.

मी भेटलो की त्या एकच विचारायच्या, “माझी वही?” मी खाली बघायचो. माझ्यासारखा माणूस खाली बघतो, म्हणजे काय ते समजून घ्या.

मग एका दिवशी त्या सर्व्हर रूमचा पडदा मोजायला वर गेल्या. आत भिंतीवर नकाशाची स्क्रीन आहे. मापाची टेप हातात धरून त्या स्क्रीनपुढे उभ्या राहिल्या. तीन नंबरच्या चौकोनात बार्शी. त्याच्या खाली दोन नावं सोडून वैराग. सॉफ्टवेअरनं जागा पाहिली होती आणि हलवलं होतं. त्यांनी इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. दुसऱ्या दिवशीही दोघे तिथेच. तिसऱ्या दिवशी अक्कांनी सचिवांच्या नावे अर्ज दिला. चार ओळींचा. बार्शी व वैराग एकाच सर्व्हरवर आहेत, त्यांना वेगळे करावे, बाकी चार जोड्याही तपासाव्यात, विलंब करू नये. कार्यालयात आवक शिक्का मारून घेतला, आपल्या प्रतीवरही मारून घेतला. ती प्रत मी पाहिली आहे. शिक्का गोल, जांभळा, थोडा वाकडा.

मी सचिवांच्या केबिनमध्ये गेलो आणि माझ्या पद्धतीनं बोललो. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, “नागनाथराव, तुम्ही लोखंडाचं बघा.”

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, तीन नंबरचा मदरबोर्ड जळाला. यात कुणाचीच चूक नाही. लोखंड जळतं. त्या यंत्रात आणखी दोन महत्त्वाची यंत्रं होती. त्यांचे जोडीदार दुसरीकडे होते, ते काही मिनिटांत उठले. बार्शी पडला आणि त्याच्याबरोबर वैराग पडला. केसपेपर निघेना. लॅबचे रिपोर्ट कुणाचे ते कळेना. ओपीडीची रांग फाटकाबाहेर गेली. आणि कोणत्या वॉर्डात, कोणत्या कॉटवर कोण, हेसुद्धा कळेना, कारण वॉर्डाच्या वह्या वर्षापूर्वी बंद करून तेही बार्शीत टाकलं होतं.

मी गोदामातून दुसरा बोर्ड घेऊन धावत आलो. जिन्यात अक्का भेटल्या. हातात एक कोरी वही, कानामागे पेन्सिल. “तू वर बग,” एवढं म्हणाल्या आणि खालच्या वॉर्डात शिरल्या. दुपारी बाराच्या आत त्यांनी सगळे वॉर्ड फिरून संपवले. प्रत्येक कॉटच्या दांडीवर हात, प्रत्येकाला नाव. त्या यादीवर रुग्णालय संध्याकाळपर्यंत चाललं. पाच वाजता बार्शी उठला. कुणाच्या जिवाला काही झालं नाही. मंगळवेढ्याहून आलेल्या एका बाईंचं ऑपरेशन मात्र पुढे गेलं. सकाळपासून उपाशी बसल्या होत्या बिचाऱ्या, संध्याकाळी त्यांना घरी जायला सांगितलं.

चौकशी समिती बसली. अहवालातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: ‘पूर्वीच्या हस्तलिखित नोंदवहीत यंत्रांच्या जोड्यांची माहिती अपूर्ण असल्याने सदर घटना घडली.’ नोंदवही समितीनं पाहिली का? नाही, ती उपलब्ध नव्हती. अक्कांनी अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवली. समितीनं लिहिलं, शिक्का दिसतो, परंतु मूळ अर्ज कार्यालयात आढळून येत नाही. अक्कांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

मी म्हणालो, वकील बघू. पेपरवाल्यांना सांगू. त्या पडद्यांच्या घड्या घालत होत्या.

“तुला लई राग येतोय रे,” त्या म्हणाल्या. “मला बी येतोय. पन रागानं वैराग हलत न्हाय.”

शेवटच्या दिवशी चादरींच्या खोलीतच शाल-श्रीफळ झालं. सचिव साहेब दुसऱ्या बैठकीत होते. निघताना त्या म्हणाल्या, जरा थांब, आणि त्यांच्या जुन्या वॉर्डात गेल्या. मी दारात उभा राहिलो. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, प्रत्येक कॉटच्या दांडीवर हात टेकवत. कुणाला नाव विचारलं नाही. हातात वही नव्हती.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडलं. अक्कलकोटची गाडी लागली होती. त्या खिडकीशी बसल्या, पाकीट उघडलं, माझी चिठ्ठी काढली. मला वाटलं आता ती परत देतील, की राहू दे. त्यांनी ती पाहिली आणि परत आत ठेवली.

“नागनाथ.”

“बोला की, अक्का.”

“कुनाशी भांडू नको. एक काम कर. बार्शी नि वैराग येगळे केले का, बगून मला फोन कर.”

“करतो.”

गाडी निघाली. त्यांचा तळहात खिडकीच्या आडव्या गजावर होता. वळणापर्यंत दिसत होता.

गेल्या आठवड्यात मी पंखा बदलायला त्या खोलीत गेलो. भिंतीवरची स्क्रीन पाहिली. बार्शी पाचच्या चौकोनात. त्याच चौकोनात, अगदी शेजारी, वैराग. मरवडे मंगळवेढ्याबरोबर दोनमध्ये. खात्री करायला पाचचा दिवा लावला. पाचवरच लागला. स्क्रीन आणि लोखंड, दोघं एकच बोलत होते. मी इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, तक्रार नोंदवा, नंबर मिळेल. मी सचिव साहेबांना निरोप ठेवला. उत्तर आलं नाही. सॉफ्टवेअरला हात लावायचा मला अधिकार नाही. माझं काम लोखंडाचं.

अक्कांना मी अजून फोन केलेला नाही. काय सांगू?

म्हणून इथं, सगळ्यांसमोर विचारतो. लाल रेघा असलेली ती वही कुठे आहे? आवक शिक्का मारलेला तो अर्ज कुणाच्या टेबलावरून कुठे गेला? ज्या वहीत जोड्या नव्हत्या असं तुम्ही लिहिता, ती न पाहता लिहिलंत कसं? पुढच्या वेळी पाच नंबर जळेल, आणि आता दांड्यांवर हात ठेवत फिरणारं त्या इमारतीत कुणी नाही. तेव्हा कुणाच्या सेवापुस्तकात लिहिणार?

चिठ्ठीवर माझी सही आहे. तिचं उत्तर मी द्यायला तयार आहे, म्हणाल तिथं, म्हणाल त्याच्यासमोर. अर्जावर तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे, सचिव साहेब. त्याचं उत्तर तुम्ही द्या. पण आधी वैराग हलवा.